रेडिओ-नियंत्रित घड्याळ घरी लावताना: केंद्र, सेल, जागा आणि भारतात आणल्यावरचा प्रश्न

घड्याळाच्या खोक्यावर ‘ॲटॉमिक’ असं छापलेलं असलं तरी आत अणुबिणू काही नसतात. आत असतं नेहमीचं क्वार्ट्झ घड्याळ आणि त्याला जोडलेला एक छोटासा, ठरलेलं केंद्र ऐकणारा रेडिओ. अणुघड्याळ असतं ते सरकारी प्रयोगशाळेकडे. तिची वेळ दीर्घलहरींवरून प्रसारित होते. तुमचं घड्याळ रात्री ती ऐकतं, स्वतःला दुरुस्त करून घेतं आणि उरलेला दिवस क्वार्ट्झवरच काढतं. ‘घड्याळ बिघडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी घड्याळाच्या नसतात, या रेडिओच्या असतात: केंद्र भलतंच, जागा वाईट, सेल चुकीचा, नाहीतर धीर कमी पडला.

आधी मागची बाजू बघा

कोणत्या केंद्रासाठी घड्याळ बनलंय ते मागच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. हे न बघता पुढे जाऊ नका, कारण एका देशाचं घड्याळ दुसऱ्या देशात बहुधा बहिरं होतं.

जर्मनीतलं केंद्र डीसीएफ ७७, फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला. लहर ७७.५ किलोहर्ट्झ. वेळ ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेची. पल्ला साधारण २००० किलोमीटर, त्यामुळे युरोपात विकली जाणारी बहुतेक घड्याळं याचीच असतात. ब्रिटनचं एमएसएफ कम्ब्रियातल्या ॲन्थॉर्नहून ६० किलोहर्ट्झवर चालतं. २००७ पर्यंत ते रग्बीला होतं, म्हणून जुन्या माहितीपत्रकात ‘रग्बी’ सापडलं तर गोंधळू नका. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला, तेही ६० किलोहर्ट्झवरच. जपानच्या जेजेवायची दोन केंद्रं आहेत: फुकुशिमाकडचं ४० किलोहर्ट्झवर, क्यूशूतलं ६० किलोहर्ट्झवर. चीनचं बीपीसी शांगच्यूहून ६८.५ किलोहर्ट्झवर.

ब्रिटन, अमेरिका आणि जपानचं एक केंद्र, तिघांची लहर ६०च आहे, पण वेळ सांगायची लिपी तिघांची वेगळी. न्यू जर्सीत घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ लंडनला नेलं तर ॲन्थॉर्नचा सिग्नल त्याच्या कानावर पडेल, कळणार मात्र काही नाही. उलट जर्मन घड्याळ दक्षिण इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चालतं. ते जर्मन वेळ दाखवतं एवढंच, आणि टाइम झोन ‘उणे १’ केला की तेही मिटतं. सहाही केंद्रं ऐकणारी मनगटी घड्याळं मिळतात (कॅसिओचं ‘मल्टी बँड ६’ म्हणजे हेच), भिंतीवरची क्वचितच.

सेल

साधा, नवा, १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घाला. दोन लागत असतील तर दोन्ही एकाच पाकिटातले. यात कंजुषी करू नका, कारण सेल उतरायला लागला की काटे फिरत राहतात आणि आधी बंद पडतं ते सिग्नल पकडणं. घड्याळ चालू असूनही आठवड्यागणिक काही सेकंद मागेपुढे होऊ लागलं, तर पहिला संशय सेलवर घ्या.

रिचार्जेबल सेल दोन प्रकारचे येतात आणि दोन्ही इथे नकोत. निकेल मेटल हायड्राइडचा व्होल्टेज १.२, म्हणजे सुरुवातीपासूनच कमी. नवे ‘१.५ व्होल्ट लिथियम आयन’ सेल त्याहून फसवे: त्यांच्या पोटात व्होल्टेज खाली आणणारं स्विचिंग सर्किट असतं आणि ते स्वतःच रेडिओत खरखर ओततं. ॲन्टेनाला खेटून बसलेला शत्रू. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल गळतात, तेही टाळा.

पहिल्यांदा लावताना

खिळा ठोकायच्या आधी घड्याळ टेबलावर ठेवा, खिडकीजवळ, टीव्ही आणि संगणकापासून दोन मीटर लांब. सेल घाला. काट्यांचं घड्याळ असेल तर तिन्ही काटे भराभर फिरू लागतील आणि बाराच्या ठोक्यावर येऊन थांबतील (काही घड्याळांत चार किंवा आठवरही). मग घड्याळ मेल्यासारखं पडून राहतं. सेकंद काटासुद्धा हलत नाही. याच क्षणी बहुतेक लोक सेल उपसून पुन्हा घालतात, आणि घड्याळ बिचारं पहिल्यापासून सुरुवात करतं. तसं करू नका. ते त्या वेळी ऐकत असतं.

का इतका वेळ? वेळेचा एक पूर्ण संदेश पाठवायला अख्खं एक मिनिट लागतं, दर सेकंदाला एक अक्षर या हिशेबाने. डीसीएफ ७७ दर सेकंदाच्या सुरुवातीला आपला जोर क्षणभर घटवतं: ०.१ सेकंद घटवला तर शून्य, ०.२ सेकंद घटवला तर एक. शेवटच्या सेकंदाला जोर अजिबात घटत नाही, त्यावरून घड्याळाला कळतं की आता नवं मिनिट सुरू होणार. एवढ्या शून्य-एकांत मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष आणि उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरती तासभर पुढे केलेली) चालू की हिवाळी, सगळं बसवलेलं असतं. मधे कुठे खरखर आली तर ते मिनिट वाया जातं. शिवाय चांगलं घड्याळ एका संदेशावर विश्वास ठेवत नाही. लागोपाठचे दोन-तीन संदेश एकमेकांशी जुळले तरच वेळ स्वीकारतं. म्हणून सगळं सुरळीत असताना ३ ते १० मिनिटं धरा.

आकड्यांच्या घड्याळात पडद्यावर मनोऱ्याचं चिन्ह लुकलुकतं. ते स्थिर झालं की वेळ मिळाली, गायब झालं की प्रयत्न सोडला. काट्यांच्या घड्याळात अशी खूण बहुधा नसते. वेळ मिळाली की काटे धावत योग्य जागी जातात, इतकंच.

मिळाली नाही तर? संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करण्यापेक्षा मागच्या ‘एम सेट’ बटणाने वेळ अंदाजे लावा आणि घड्याळ रात्रभर खिडकीपाशी राहू द्या. काटे हाताने कधीच फिरवायचे नाहीत. कोणता काटा कुठे आहे याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवतं. हाताने ढकललात की तो हिशेब कायमचा चुकतो. ‘रेक’ किंवा ‘वेव्ह’ लिहिलेलं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की घड्याळ लगेच ऐकायला बसतं, पण तेही सारखं दाबू नका. दर वेळी सेल झिजतो, आणि भर दुपारी जे ऐकू येत नाही ते दहाव्यांदाही येणार नाही.

रात्रीचं महत्त्व खरंच मोठं आहे. दिवसा सूर्यप्रकाशाने वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो आणि तो वरून परतू पाहणारी लहर शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि दूरचं केंद्र स्पष्ट ऐकू येतं. त्यात घरातले दिवे, चार्जर, टीव्हीही बंद झालेले असतात. म्हणून उत्पादक घड्याळाला मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच ऐकायला लावतात. केंद्रापासून दूर असाल, म्हणजे बॉस्टन किंवा मायामीत डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी पकडायचं असेल, तर पहिली वेळ मिळायला दोन-तीन रात्री जाऊ द्या.

जागा आणि दिशा

ट्रान्झिस्टर हातात धरून, गोल फिरवत आकाशवाणी पकडलेल्या पिढीला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. तीच फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, या घड्याळातही ॲन्टेना म्हणून असते. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली तर सिग्नल सगळ्यात चांगला. कांडीचं टोक केंद्राकडे रोखलेलं असलं तर जवळजवळ शून्य. फरक इतका मोठा आहे की एका भिंतीवर अडून बसलेलं घड्याळ शेजारच्या काटकोनातल्या भिंतीवर पहिल्याच रात्री लागतं.

भिंतीवरच्या घड्याळात कांडी सहसा आडवी बसवलेली असते. त्यामुळे घड्याळाचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे हवी. म्युनिचहून माइनफ्लिंगेन वायव्येला, बर्लिनहून नैर्ऋत्येला, लंडनहून ॲन्थॉर्न साधारण उत्तर-वायव्येला, शिकागोहून फोर्ट कॉलिन्स पश्चिमेला. फोनच्या नकाशात केंद्राचं गाव शोधा, आपल्या घरापासून तिकडे मनातल्या मनात रेघ ओढा आणि त्या रेघेला आडवी येणारी भिंत निवडा.   मनगटी घड्याळ रात्री काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं, बाराचा आकडा बाहेरच्या बाजूला. उशीखाली नाही, लोखंडी कपाटात तर नाहीच.

दिशेनंतर शेजार. दोन मीटरच्या आत यांपैकी काहीही नको: फोनचा चार्जर, राउटर, टीव्ही, संगणकाचा पडदा, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, दिव्याचा डिमर, इंडक्शन शेगडी, फ्रिज. या सगळ्यांतली स्विचिंग सर्किटं नेमकी याच पट्ट्यात गोंगाट करतात. यातला चार्जर सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण फोन लावलेला नसला तरी तो भिंतीत खुपसलेलाच असतो. पलीकडच्या खोलीतला टीव्ही त्याच भिंतीला पाठ लावून असेल तर तोही मोजा. भिंत ही लहर अडवत नाही आणि गोंगाटही अडवत नाही.

धातू मात्र अडवतो. सळयांचं काँक्रीट, पत्र्याची भिंत, ॲल्युमिनियमचे खाली ओढायचे शटर, काचेवर धातूचा पातळ थर असलेल्या आधुनिक खिडक्या, यांच्या आत सिग्नल अशक्त होतो. तळघरात तर आशाच सोडा. जर्मनीतल्या घरांत रात्री शटर ओढून घ्यायची पद्धत असते आणि घड्याळ ऐकतं ते रात्रीच. एक रात्र शटर वर ठेवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

जागा पक्की करायची खात्रीची रीत अशी: घड्याळ त्या जागी आधी एखाद्या हलक्या हुकावर टांगा आणि वेळ मुद्दाम दोन मिनिटं पुढे लावून ठेवा. सकाळी वेळ बरोबर दिसली तर खिळा ठोका. नाही दिसली तर भिंत बदला.

टाइम झोन आणि उन्हाळी वेळ

डीसीएफ ७७ थेट जर्मनीची स्थानिक वेळ पाठवतं, ऋतुबदलासकट. एमएसएफ ब्रिटनची. तिथे तुम्हाला काही करावं लागत नाही. अमेरिकेचं केंद्र जागतिक वेळ पाठवतं, म्हणून तिथल्या घड्याळावर ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक यांतला पट्टा निवडावा लागतो आणि ‘डीएसटी’ (उन्हाळी वेळ) चालू किंवा बंद करावं लागतं. ॲरिझोनात (नवाहो आदिवासींचा भाग वगळता) आणि हवाईत उन्हाळी वेळ पाळत नाहीत, तिथे ते बंद हवं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात वेळ एक तास मागे जाते. काट्यांची बरीच घड्याळं मागे फिरूच शकत नाहीत. ती ११ तास पुढे धावतात. पहाटे भिंतीवर काटे वेड्यासारखे गरगरताना दिसले तर घाबरू नका, सेल तर मुळीच काढू नका. सकाळी उठल्यावरही जुनीच वेळ असेल तर त्या रात्री सिग्नल मिळाला नाही, एवढाच अर्थ. आणखी एक रात्र थांबा.

वेळ किती चुकलीय यावरून निदान

नेमका एक किंवा दोन तासांचा फरक असेल तर टाइम झोन किंवा डीएसटी तपासा, सिग्नल ठीक आहे.

फरक काही सेकंदांचा आणि रोज थोडा वाढणारा असेल तर सिग्नल मिळत नाहीये आणि घड्याळ नुसत्या क्वार्ट्झवर चाललंय. साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला १५-२० सेकंदांपर्यंत जाते, म्हणजे दिवसाला अर्धा-पाऊण सेकंद. महिन्याभराने पाव मिनिट चुकलेलं ‘रेडिओ’ घड्याळ म्हणजे महिनाभर बहिरं असलेलं घड्याळ. सेल, दिशा, शेजार, याच क्रमाने बघा.

फरक कायम तेवढाच, म्हणजे रोज बरोबर ३ मिनिटं पुढे, असेल तर सिग्नलला दोष देऊ नका. काटा दांड्यावर घसरलाय, बहुधा पडल्यामुळे किंवा कुणीतरी हाताने फिरवल्यामुळे. सेल काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा घालून ‘रीसेट’ दाबा आणि काटे कुठे थांबतात ते डोळ्यांत तेल घालून बघा. बाराऐवजी बारा वाजून तीन मिनिटांवर थांबले तर निदान पक्कं. त्या क्षणी सेल काढून घ्या म्हणजे काटे तिथेच राहतील, काच उघडा, मिनिट काटा चिमटीत धरून सरळ वर उचला आणि नेमक्या बारावर हलकेच दाबून बसवा. वाकवायचा नाही, फिरवायचा नाही.

आणि काही वेळा दोष तुमच्याकडे नसतोच. केंद्रं देखभालीसाठी, विजांच्या वादळात थोडा वेळ बंद राहतात. मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाकडचं जेजेवाय केंद्र अणुभट्टीभोवतीच्या रिकाम्या केलेल्या पट्ट्यात आलं आणि महिन्याहून जास्त बंद होतं. तेव्हा दोन्ही लहरी ऐकणारी घड्याळं क्यूशूच्या केंद्रावर गेली, फक्त ४० किलोहर्ट्झ ऐकणारी क्वार्ट्झवर राहिली. जपानमध्ये घड्याळ घेताना दोन्ही लहरींचंच घ्या.

भारतात आणलं तर

पुतण्याने जर्मनीहून पाठवलेलं किंवा परत येताना सामानात आलेलं घड्याळ पुण्यात सिग्नल पकडणार नाही. भारतात असं दीर्घलहरींचं वेळकेंद्र नाही. माइनफ्लिंगेन मुंबईपासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, शांगच्यू चार हजारांहून जास्त. गच्चीवर ठेवूनही उपयोग नाही. शिवाय भारतीय वेळ साडेपाच तासांची. भिंतीवरच्या बहुतेक घड्याळांतला टाइम झोन पूर्ण तासांनीच सरकतो, अर्धा तास जुळतच नाही.

सरळ उपाय: ‘एम सेट’ने भारतीय वेळ लावा आणि ते चांगलं क्वार्ट्झ घड्याळ म्हणून वापरा. मॉडेलमध्ये सिग्नल घेणं बंद करायची सोय असेल तर करा, नाहीतर रोज रात्री ते उगाच कान टवकारून सेल खातं.

ज्यांना सेकंदही चुकलेला चालत नाही त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे: फोनकडून केंद्राची नक्कल. जेजेवाय किंवा डीसीएफचा सिग्नल तयार करणारी ॲप आणि वेबपानं मिळतात. फोनचा आवाज २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, म्हणून ॲप १३.३३३ किलोहर्ट्झचा सूर वाजवतं. त्याची तिसरी पट म्हणजे बरोबर ४०. स्पीकरच्या किंवा वायरच्या भोवतीच्या क्षीण चुंबकीय क्षेत्रात ती तिप्पट लहरही थोडी असते, आणि घड्याळाला तेवढी पुरते. डीसीएफसाठी १५.५ ची पाचवी पट लागते, ती आणखी क्षीण. ६० किलोहर्ट्झला २० चा सूर लागतो, तो बऱ्याच फोनना नीट काढता येत नाही. म्हणून मल्टी बँड घड्याळ असेल तर जपानचं ४० निवडा.

फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथचे चालत नाहीत, कारण त्यांत आवाज दाबून पाठवला जातो आणि उशीरही होतो. हेडफोन कानात घालू नका. वायर घड्याळाभोवती चार-पाच वेळा गुंडाळा, आवाज पूर्ण वाढवा, आधी ॲप सुरू करा आणि मग घड्याळाचं ‘रेक’ बटण दाबा. दहा मिनिटं फोनला हात लावू नका. मधे फोन आला की ते मिनिट गेलं. हेडफोन नसतील तर घड्याळ फोनच्या स्पीकरवरच टेकवून ठेवा, अंतर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. लागलं नाही तर घड्याळ काटकोनात फिरवून पुन्हा बघा, फेराइटची दिशा इथेही लागू आहे. तो बारीक सूर मोठ्या माणसांना ऐकू येईलच असं नाही, लहान मुलं आणि कुत्री मात्र वैतागतात. सिग्नल लांब जावा म्हणून ॲम्प्लिफायर आणि ॲन्टेना जोडायच्या फंदात पडू नका. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं बेकायदा आहे.

वेळ कोणती पाठवायची? कॅसिओच्या मनगटी घड्याळात होम सिटी टोकियो करा, ॲपमधून खरी जपानी वेळ द्या, मग होम सिटी परत दिल्ली करा. घड्याळ साडेतीन तास आपले आपण वजा करतं. होम सिटी दिल्ली ठेवून प्रयत्न केलात तर ते ऐकायलाच बसत नाही, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. भिंतीवरच्या घड्याळाचा टाइम झोन शून्यावर ठेवा आणि ॲपमध्ये वेळ अशी सरकवा की केंद्राची म्हणून भारतीय वेळच जाईल. रात्री ते खऱ्या केंद्राला शोधेल, सापडणार नाही आणि आहे ती वेळ धरून बसेल. महिन्यातून एकदा हा खटाटोप पुरे.

नवंच घड्याळ घ्यायचं असेल तर भारतात रेडिओवालं घेऊ नका. वाय-फायवरून वेळ घेणारं घ्या. घेताना दोन गोष्टी विचारा: टाइम झोनमध्ये साडेपाच तास निवडता येतात का, आणि सर्व्हरचं (इंटरनेटवरून वेळ पुरवणाऱ्या संगणकाचं) नाव बदलता येतं का. येत असेल तर भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर घाला: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. यातली पुष्कळ घड्याळं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात, त्यामुळे जोडताना राउटरचा तो पट्टा चालू असायला हवा.